डाव्या कॅमेऱ्याखालची पट्टी

मी स्टिअरिंगचा मिस्त्री. तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून काढली आहेत, आणि या तीस वर्षांत एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती: ड्रायव्हरच्या हातापासून चाकापर्यंत लोखंड पाहिजे. दांडा, जोड, दाते, पुन्हा दांडा. हाताने धरता येईल, ग्रीस लावता येईल, झिजलं तर बदलता येईल असं लोखंड. त्यामुळे मालकांनी ती नवी गाडी वर्कशॉपात आणून उभी केली आणि हिच्या स्टिअरिंगखाली दांडाच नाही, नुसती वायर आहे असं सांगितलं, तेव्हा मी तोंडावर म्हणालो की ही गाडी नाही, हे खेळणं आहे. मालक हसले. मी असंच काहीतरी बोलणार हे ते धरूनच चालतात.

मग नेहमीप्रमाणे मी गाडीखाली गेलो. जिथे दांडा असायला हवा तिथे हात घातला, तर हात सरळ आरपार गेला. वर बसलेल्या बाईला म्हणालो, वळव. वर स्टिअरिंग फिरलं आणि माझ्या कानाशी पुढची दोन्ही चाकं मुकाट्याने वळली. वर हात, खाली चाक, आणि मध्ये माझा रिकामा पंजा. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. पुन्हा वळवायला सांगितलं. मग पुन्हा. पाचव्या वेळी वरून आवाज आला, "आता बाहेर येतोस की तिथेच झोपतोस?"

वर बसलेली बाई म्हणजे माझी ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने ट्रक, बस, क्रेन, जे म्हणाल ते चालवलं आणि त्यातल्या एकाही गाडीच्या बंपरला ओरखडा म्हणून आणला नाही. आता आमच्या वर्कशॉपात चाचणीच्या गाड्या चालवते. सगळे तिला ताईच म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. बोलणं कमी, पण गाडीबद्दल ती एक वाक्य बोलली की इंजिनिअर लोक वही काढतात. त्या दिवशी एक फेरी मारून आल्यावर ती एवढंच म्हणाली की गाडी चांगली आहे, पण हाताला खालचा रस्ता लागत नाही. त्या एका वाक्यावर पुढचे तीन आठवडे काम चाललं. स्टिअरिंगच्या मागे एक छोटी मोटर बसवली, ती हाताला उलट रेटा द्यायची. खडी आली की खडीसारखा, चिखल आला की चिखलासारखा. रेटा खोटा, पण हाताला खरा वाटायचा. मी रोज त्या गाडीला नावं ठेवत होतो आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन तिच्याजवळ उभा राहत होतो.

पण खरी कमाल पुढे होती. ती घेऊन आली भिंगबाई. हे नाव मी ठेवलेलं. तोंडावर मी तिला मॅडमच म्हणतो. जाड काचांचा चष्मा, वय तिशीच्या आसपास, बोलणं इतकं हळू की आधी कंप्रेसर बंद करावा लागायचा. मागच्या खोलीत तिने टेबलावर एक स्टिअरिंग बसवलं, समोर खुर्ची ठेवली आणि स्टिअरिंगच्या पलीकडे शर्टाच्या बटणाएवढे दोन कॅमेरे लावले. एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्यासाठी. बाजूला पडदा. मला म्हणाली, मिस्त्री, बसा, आणि नुसतं कुठेही बघा.

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. पडद्यावर आकडा आला, अर्धा मीटर. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, तीन मीटर. खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं, चाळीस. मी काही बोललो नव्हतो, बोट दाखवलं नव्हतं, मान हलवली नव्हती. कुठे बघतोय हे फक्त माझं मला ठाऊक होतं, आणि तरी ते पडद्यावर आकड्यात लिहिलेलं होतं. तोंडात बोट घालायची वेळ होती.

तिने समजावलं ते मला एकदाच ऐकून कळलं, कारण ते मिस्त्रीच्या डोक्याचं होतं. जवळचं बघायचं असलं की दोन्ही बुबुळं नाकाकडे वळतात. लांबचं बघायचं असलं की सरळ होतात. दोन डोळ्यांतून दोन दोरे ताणले तर ते जिथे एकमेकांना छेदतील तिथे माणूस बघत असतो. कॅमेरे ते दोरे मोजतात आणि आकडा स्टिअरिंगला कळवतात. माणूस जवळ बघत असेल, म्हणजे गाडी लावत असेल, तर स्टिअरिंग हलकं आणि चपळ होतं, मनगटभर फिरवलं की चाक पूर्ण वळतं. लांब बघत असेल, म्हणजे वेगात असेल, तर ते जड आणि शांत होतं. ड्रायव्हरला शिंक आली तरी गाडी आपली रेष सोडत नाही. जन्मापासून माझी बुबुळं दिवसभर नाकाशी ही मापं काढत आलेली आणि मला त्याचा पत्ताच नाही. त्या दिवशी जेवताना मी डब्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, चाळीस सेंटिमीटर.

सगळ्यांनी त्या खुर्चीत बसून बघितलं. मालकांनी तर दोनदा. ताई तेवढी बसली नाही. एकदा तिला टायर बघायचे होते, एकदा पाठ दुखत होती, एकदा नुसतंच म्हणाली की मला खेळायला वेळ नाही. तिचा स्वभाव ठाऊक असल्याने कोणी आग्रह केला नाही.

मग कॅमेरे टेबलावरून काढून गाडीत बसवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. कॅमेरे धरून ठेवणारे ब्रॅकेट मी स्वतः कापले, घासले, बसवले. त्याच दिवशी ताईने गाडी चाचणीच्या मैदानावर काढली. भिंगबाई शेजारी बसली होती, मी मागे. सरळ रस्त्यावर पडद्यावर आकड्याऐवजी शब्द आला, 'दूर', म्हणजे दोरे जवळपास कुठेच छेदत नाहीत. बरोबर. मग ताई प्लास्टिकच्या शंकूंच्या दोन नागमोडी रांगांमध्ये शिरली, तीन-तीन मीटरवर शंकू, आणि पडद्यावर तरीही 'दूर'. स्टिअरिंग दगडासारखं जड. ताईला एकेका वळणाला दोन्ही हातांनी वेढेच्या वेढे मारावे लागले. एकही शंकू पडला नाही, पण खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजला होता.

भिंगबाई पडद्याकडे बघत हळूच म्हणाली की टेबलावर सगळं नीट होतं, तेव्हा बहुतेक डावा कॅमेरा बसवताना केसभर वाकडा बसला असावा. बसवला कोणी? मी. कान तापले माझे. तीस वर्षांत माझं काम वाकडं आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. भिंगबाईच्या आईचं ऑपरेशन होतं, ती चार दिवस रजेवर चालली होती, आणि पाचव्या दिवशी सकाळी सरकारी तपासणी अधिकारी गाडी बघायला येणार होते. पहिली फेरी ताईने मारायची, दुसरी अधिकाऱ्यांनी स्वतः. त्यांनी हो म्हटलं तरच ही गाडी कधी रस्त्यावर येणार होती. जाताना भिंगबाई मला बजावून गेली की मी येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका, त्याच सकाळी लवकर येऊन मी बघते.

मी हात लावला. मिस्त्रीला हात लावू नका सांगणं म्हणजे काय, हे तिला अजून कळायचं होतं.

आमच्या धंद्यात एक औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं, ते म्हणजे शिम. दोन भागांत केसभर फट राहिली, कोन जरा चुकला, की पत्र्याची पातळ पट्टी कापायची आणि मध्ये सारायची. मी चहाच्या जुन्या डब्याच्या पत्र्यातून पट्ट्या कापल्या. ताईला सीटवर बसवलं, समोर शंकू ठेवला आणि डाव्या कॅमेऱ्याखाली पट्टी सारली. पहिलीने काही झालं नाही. दुसरीने आकडा उगवला, ऐंशी. तिसरी जरा जाड होती. अकरा मीटर. शंकूही साधारण तेवढ्यावरच होता. ताई मैदानाला फेरी मारून आली; स्टिअरिंग ना जड ना हलकं, सुरेख. खाली उतरून तिने मला विचारलं, "झालं?" मी म्हणालो, झालं. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग हातमोजे काढत निघून गेली. माझी छाती दोन इंच फुगली होती. तो आकडा फेरीभर अकरावरच बसून होता, हे काही मी बघितलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी धुवायला न्यायची होती. ताई जेवत होती, म्हणून मीच चावी घेतली. मी फारसा गाडी चालवत नाही. घरात ताई असताना चालवायची वेळच कोणावर येत नाही. मैदानाच्या टोकाच्या फाटकाकडे बघत मी निघालो. थोडा वेग घेतला, डावीकडे जरासं वळवलं, आणि गाडी मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तशी उसळली. मी घाबरून उलट फिरवलं तर तिकडे उसळली. सरळ जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन थांबलो. लागलं नाही कोणाला, गाडीलाही काही झालं नाही.

आधी मी गाडीला शिव्या दिल्या, मग स्वतःला. मग पडद्याकडे लक्ष गेलं. मी लांब फाटकाकडे बघतोय आणि पडदा म्हणतोय, चार मीटर. वेगात असताना गाडी समजत होती की मी ती लावायला जागा शोधतोय. खाली उतरलो, पट्टी काढली, परत बसलो. फाटक, साठ मीटर. टायर, दोन मीटर. सगळं तंतोतंत. पट्टी घातली, पुन्हा चुकलं. काढली, पुन्हा बरोबर. म्हणजे माझं ब्रॅकेट पहिल्या दिवसापासून सरळ होतं. कॅमेरा सरळ होता. वाकडं काहीच नव्हतं.

मग ताईच्या वेळी 'दूर' का?

पट्टी हातात धरून मी त्या सीटवर बसून राहिलो, आणि एकेक गोष्ट आपोआप समोर येऊन उभी राहिली. जेवायला बसताना ताई कायम डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळे तिच्या उजवीकडे. रस्त्याने चालताना मी चुकून तिच्या डावीकडे गेलो तर दंडाला धरून मला पलीकडे करते. मला वाटायचं, मोठ्या बहिणीची दादागिरी. पाणी ओतताना जगचं तोंड आधी पेल्याच्या काठाला टेकवते. सुईत दोरा कायम मलाच ओवायला लावला. पन्नास वर्षं मी हे बघत आलो होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. बटणाएवढ्या कॅमेऱ्याला ते पहिल्याच फेरीत दिसलं. मला त्याचा रागही आला आणि लाजही वाटली.

ताई वर्कशॉपामागच्या बाकावर डबा पुसत बसली होती. मी पट्टी तिच्या समोर ठेवली. तिने पट्टीकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"कळलं का तुला," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून. जन्मापासून, ती म्हणाली. डावा डोळा उजव्याबरोबर फिरतो, पण जरा बाहेर राहतो, आणि त्याने काहीच दिसत नाही. लहान होती तेव्हा आईला संशय आला होता, पण आई गेली आणि मग कोणी विचारलं नाही. लायसन्सच्या वेळी डोळे तपासायला समोर तक्ता होता. डावा डोळा झाका म्हणाले, तिने डाव्या हाताने डावा झाकला. आता दुसरा झाका म्हणाले, तिने उजव्या हाताने पुन्हा डावाच झाकला. कारकून कागदावर सही करत होता. दर वेळी नव्याने तपासणी आली की तिने तेच केलं, आणि दर वेळी कोणी ना कोणी खाली मान घालून सही करत होतं. मला हसू आलं.

मग ती म्हणाली, "मशीनला कळलंय हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू स्वतःला बोल लावत होतास आणि मी गप्प बसले. ते माझं चुकलं."

मी म्हणालो की ते सोड, आता उद्याचं काय. पट्टी ठेवली तर ताईची फेरी झकास होणार आणि दुसऱ्या फेरीत अधिकारी टायरांत जाणार, किंवा त्याहून वाईट जागी. पट्टी काढली तर गाडी जगातल्या सगळ्यांसाठी ठीक आणि एकट्या ताईसाठी आंधळी. शेजारच्या पडद्यावर फेरीभर 'दूर' दिसणार आणि विचारणा होणार. ताईचं लायसन्स जाणार. लायसन्स नसलेली ताई माझ्या डोळ्यांपुढे येईना. मी म्हणालो, तू उद्या आजारी पड. पहिली फेरी मी मारतो.

"तू?" ती म्हणाली. "टायर कमी आहेत का आपल्याकडे?" मग उठली, पट्टी माझ्या खिशात घातली आणि म्हणाली की आता ती तिथेच राहू दे.

सकाळी भिंगबाई आली तेव्हा मी तिला पट्टीचं सगळं सांगितलं, ताईचं काही सांगितलं नाही. तिने कॅमेरे तपासले, माझ्यावर चिडायचं तेवढं हळू आवाजात चिडली आणि म्हणाली की ब्रॅकेट अगदी सरळ आहे. मग त्या दिवशी ताईच्या फेरीत 'दूर' का आलं ते काही तिला उमगेना. तेवढ्यात अधिकारी आले. उंच, नीटनेटका माणूस, हातात फाईल, बोलण्यात अहो-जाहो. ताईच्या शेजारी बसले. मी आणि भिंगबाई मागे. मालक मैदानाच्या कडेला उभे.

ताईने गाडी काढली. सरळ रस्ता, 'दूर'. वळण, 'दूर'. शंकू, 'दूर'. स्टिअरिंग जड आणि ताईचे हात त्याच्यावर असे फिरत होते की मला ते वेगळे दिसतच नव्हते. बारा शंकू. मधून जाताना दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा. शेवटी उलट्या दिशेने गाडी दोन खांबांमध्ये लावायची होती. 'दूर'. गाडी आत गेली आणि बरोबर मध्ये थांबली.

अधिकारी पडद्याकडे बघत म्हणाले की तुमचा सेन्सर तर बंद दिसतोय. भिंगबाईचा आवाज आधीच बारीक, तो आता बसलाच. ती म्हणू लागली की हो, बहुतेक आमच्या सेन्सरमध्येच दोष असावा, आम्हाला आणखी मुदत द्या. पाच वर्षांचं तिचं काम होतं ते. मी ताईच्या मानेकडे बघत होतो. मला मनातून वाटत होतं की गप्प बस, ताई. हे खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं.

ताईने गाडी बंद केली.

"सेन्सर बरोबर आहे, साहेब. मला डावा डोळा नाही."

मग तिने तक्त्याचं, दोन्ही हातांचं, एकतीस वर्षांचं, सगळं तिथेच सांगून टाकलं. आवाज चढला नाही की पडला नाही. शेवटी म्हणाली की आता तुम्ही इथे बसा, तुमचे दोन आहेत, गाडी तुम्हाला ओळखेल. आणि उतरून तिने त्यांच्यासाठी दार धरलं.

अधिकाऱ्यांनी फेरी मारली. पडद्यावरचे आकडे पाखरांसारखे उडत होते, साठ, तीस, आठ, दोन, पुन्हा साठ. ते शंकूकडे बघत आणि स्टिअरिंग हलकं होई. मान वर करत आणि ते शांत होई. त्यांनी काही करायच्या आधीच गाडी तयार असे. अर्ध्या फेरीनंतर त्यांच्या तोंडावरचं अधिकाऱ्याचं पांघरूण गळालं. ते पुन्हा एक फेरी मारू का म्हणून विचारत होते, आणि विचारायची त्यांना काही गरज नव्हती.

खाली उतरल्यावर मात्र ते ताईपुढे उभे राहिले आणि म्हणाले की मला वाईट वाटतंय, पण मी नियमाने बांधलेला आहे. ताईने जॅकेटच्या आतल्या खिशातून लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. कोपरे गोल झालेलं, पिवळं पडलेलं. ते घेताना त्या माणसाने दोन्ही हात पुढे केले. गाडी पास झाली. मालकांना हसावं की काय करावं ते कळेना. घरी जाताना बसच्या थांब्यावर ताई माझ्या डावीकडे उभी होती.

दुसऱ्या दिवशी भिंगबाईने मला मागच्या खोलीत बोलावलं. ताईच्या फेरीची नोंद तिने पडद्यावर लावली होती, पण डोळ्यांची नाही, डोक्याची. कॅमेऱ्याला डोकंही दिसत असतं, ते आजवर कोणी वापरलं नव्हतं. तिने गती कमी केली. शंकू यायच्या जरा आधी ताईचं डोकं दोन बोटं डावीकडे जाई आणि दोन बोटं उजवीकडे येई. इतकं हळू की शेजारी बसून दिसणार नाही. प्रत्येक शंकूला. प्रत्येक खांबाला. एकदाही चुकवलं नव्हतं.

"मिस्त्री, आपण एका वेळी दोन ठिकाणांहून बघतो, म्हणून आपल्याला अंतर कळतं," भिंगबाई म्हणाली. "ताईंना एकच डोळा आहे, तर त्या तोच डोळा दोन ठिकाणी नेतात. मला हे शिकायला कॉलेजात जावं लागलं. त्यांना कोणी शिकवलं?"

कोणीच नाही. पाळण्यात असताना तिने ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं असणार, आणि ते शोधलं आहे हेही तिला ठाऊक नसणार. मी तो डोक्याचा ठिपका इकडून तिकडे जाताना बघत होतो आणि माझे डोळे भरून आले. वायरवर चालणारं स्टिअरिंग बघून मी थक्क झालो होतो, डोळ्यांचे दोरे मोजणारा कॅमेरा बघून थक्क झालो होतो, आणि त्या दोन्हींच्या आधीचा शोध माझ्या घरात माझ्यासमोर बसून जेवत होता.

भिंगबाईला हे गाडीला शिकवायचं होतं. म्हणजे एकाच डोळ्याचा माणूस बसला तरी गाडी त्याच्या डोक्यावरून अंतर ओळखेल, आणि मग कदाचित अशा माणसालाही गाडी चालवता येते हे नियमवाल्यांनाही दाखवता येईल. पण शिकवायला ताई हवी होती. मी घरी विचारलं. ताई म्हणाली, ज्या कॅमेऱ्याने माझी चुगली केली त्याला मी शिकवू? आणि दार लावून घेतलं. आठ दिवस ती वर्कशॉपात आली नाही. घरात खिडकीपाशी बसून खालून जाणाऱ्या गाड्या बघायची. मी जे बोलेन त्याला हूं म्हणायची. तिला तसं बघणं माझ्याने होईना.

नवव्या दिवशी सकाळी वर्कशॉपात राहिलेली तिची उशी आणि थर्मास आणायला म्हणून मी तिला बरोबर घेऊन गेलो. ती मागच्या खोलीत सामान आवरत होती, तेवढ्यात मी बाहेर येऊन डाव्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि चाचणीच्या गाडीत बसलो.

एका डोळ्याने बघितलं तर पुढचं मैदान भिंतीवरच्या चित्रासारखं झालं होतं. शंकू होते, खांब होते, पण कोण पुढे आणि कोण मागे, काही कळेना. मी चालण्याच्या वेगाने निघालो. पहिला शंकू आडवा. दुसरा आडवा. तिसरा तर चाकाखाली. दहा मीटरही गेलो नव्हतो आणि पाठीतून घाम वाहत होता. असं एकतीस वर्षं, बसमध्ये माणसं भरून. मी ब्रेक दाबला आणि तसाच बसून राहिलो.

शेजारचं दार उघडलं. ताई आत बसली. माझ्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघितलं, मागे पडलेल्या शंकूंकडे बघितलं, आणि हसली. आठ दिवसांनी हसली.

"कॅमेरे चालू आहेत?" तिने विचारलं.

मी सांगितलं की तू म्हणशील तर बंद करतो.

"असू देत," ती म्हणाली. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, लहानपणी केस विंचरताना धरायची तसंच घट्ट, आणि हळूच डावीकडे नेलं, हळूच उजवीकडे आणलं. "जोरात नाही. एवढंच. खांबाकडे बघ आणि पुन्हा कर."

मी केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. आणि एकदम त्या चित्रातला खांब सुटा झाला. मागची भिंत मागे सरकली, खांब पुढे येऊन उभा राहिला, आणि दोघांच्या मध्ये हात घालता येईल अशी जागा तयार झाली.

"ताई," मी म्हणालो, "खांब पुढे आला."

"हं," ती म्हणाली. "मग वळव आता."